खात्री कधी केली?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या पंधरवड्यात, पिंपरी-चिंचवडच्या थेरगाव, वाकड, काळेवाडी, चिंचवड या भागात ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये एक यादी होती. बेड कुठे मिळेल, ऑक्सिजन कुठे, रेमडेसिविर कुणाकडे, प्लाझ्मा कोण देईल, घरात सगळेच आजारी असतील तर डबा कोण पोचवेल. ही यादी कुणा एकाची नव्हती. सोसायटीच्या ग्रुपवर, गणेश मंडळाच्या ग्रुपवर, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर ज्याला जे कळले ते त्याने खाली जोडले आणि यादी पुढे पाठवली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध लागू होते. ६ मे रोजी देशात एका दिवसात ४ लाख १४ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. दवाखान्यांच्या दारांवर हिंडायला वेळ नव्हता. फोन आणि यादी एवढेच माणसाच्या हाती उरले होते.

त्या याद्यांमुळे माणसे वाचली, हे आधी सांगायला हवे. अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांसाठी रात्र रात्र जागून केलेले ते काम होते आणि त्याचे मोल कमी करण्याचा हेतू इथे नाही. पण त्याच याद्यांनी माणसांचे तासही खाल्ले. पन्नास नंबरांच्या यादीत चार चालू असतील, तर ते चार सापडेपर्यंत सेहेचाळीस फोन वाया जाऊ शकतात. आणि फोन करणाऱ्याच्या शेजारी पडलेल्या माणसाची ऑक्सिजनची पातळी उतरत असते. नोंद घालणाऱ्याचे यात काही जात नाही. त्याने मदत केली, त्याला समाधान मिळाले, तो पुढच्या मेसेजकडे वळला. चुकीच्या नोंदीची किंमत तिसराच कुणी मोजतो, आणि तो त्या ग्रुपवर असतोच असे नाही.

अनेकांनी मिळून केलेल्या कुठल्याही यादीचे निकष ठरवताना हा तिसरा माणूस आधी डोळ्यांसमोर आणावा, असे मला वाटते. 'सगळ्यांना भर घालू द्या, जास्त माहिती असलेली बरी' हा विचार उदार वाटतो, पण तो नोंद घालणाऱ्याच्या बाजूने केलेला असतो. यादी वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले की नोंद गाळणे हेसुद्धा मदतीचेच काम ठरते.

त्या दिवसांत कार्यकर्त्यांच्या गटांनी हे लवकर ओळखले. पहिला उपाय म्हणून प्रत्येक नोंदीपुढे 'व्हेरिफाइड' लिहायला सुरुवात झाली. तो शब्द दोन-तीन दिवसांतच निकामी झाला. कारण मेसेज पुढे जाताना शब्दही त्याच्यासोबत जायचा. सकाळी कुणीतरी खरोखर फोन करून लिहिलेले 'व्हेरिफाइड' रात्रीपर्यंत शंभर ग्रुपांवर पोचलेले असे, आणि तोवर साठा संपलेला असे. खात्री झाली आहे, एवढे सांगून भागत नव्हते. कोणी केली, कशी केली आणि किती वाजता केली हे हवे होते. मग चांगल्या गटांच्या नोंदी बदलल्या. तारीख आणि वेळ आली. समोरच्याने काय सांगितले ते आले: दोन सिलिंडर शिल्लक आहेत, रिकामे सिलिंडर घेऊन यावे लागेल, अनामत रोख भरावी लागेल, आधार कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. नोंद लांबली, पण तिसऱ्या माणसाला ती वाचून निर्णय घेता येऊ लागला.

'व्हेरिफाइड' हे एक मत होते. 'सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी फोन केला, दोन शिल्लक असल्याचे सांगितले' ही घडलेली गोष्ट आहे. मतावर विश्वास ठेवायचा तर मत देणारा माहीत असावा लागतो. घडलेली गोष्ट मात्र पुन्हा फोन लावून कुणालाही तपासता येते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण इथल्या हजारो घरांतला कुणी ना कुणी कारखान्यात 'इनवर्ड'ला म्हणजे आलेल्या मालाच्या तपासणीला किंवा 'क्यूसी'त म्हणजे दर्जा तपासणीत काम केलेला असतो. सप्लायरकडून आलेल्या नगाला पाडलेले भोक बरोबर आहे का, हे पाहायला तिथे गो/नो-गो गेज असतो. एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाता कामा नये. भोक 'चांगले' आहे का, असे कुणी कुणाला विचारत नाही. पहिल्या पाळीचा निरीक्षक आणि तिसऱ्या पाळीचा निरीक्षक एकमेकांना न भेटता एकाच नगाबद्दल एकच निकाल देतात, आणि सप्लायर ओळखीचा आहे की नवा, याने गेजला फरक पडत नाही. निकष म्हणायचा तो याला. आपल्या सार्वजनिक याद्यांच्या नियमांत मात्र 'माहिती दर्जेदार असावी', 'उपयुक्त असावी', 'विश्वासार्ह असावी' अशी वाक्ये असतात. दोन माणसे हा नियम एकाच नोंदीला लावतील तर दोन निकाल निघतील, आणि मग भांडण नोंदीवरून माणसांवर येईल. 'विश्वासार्ह असावी' या जागी 'मागच्या चोवीस तासांत स्वतः फोन करून विचारलेले असावे' असे लिहिले की वाद मिटतो. केला होता फोन? नाही? मग नोंद थांबेल. त्यात कुणाचा अपमान नाही.

गेजची तुलना आणखी एका बाबतीत लागू पडते. कारखान्यात पास आणि रिजेक्ट यांच्यामध्ये 'होल्ड' असतो. शंका आहे, पण फेकून द्यायची वेळ आलेली नाही, अशा मालाला वेगळी जागा असते. तो चांगल्या मालात मिसळत नाही आणि भंगारातही जात नाही. आपल्या याद्यांमध्ये ही तिसरी जागा बहुधा नसतेच. त्यामुळे शंकास्पद नोंद एकतर भिडेपोटी आत घेतली जाते किंवा रागाने उडवली जाते.

काय नोंदवायचे हे ठरवताना त्या गोष्टीचे ज्ञान लागते, नुसती शिस्त पुरत नाही. ऑक्सिजन सिलिंडरचेच पाहा. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारने नऊ उद्योग वगळता बाकी सगळ्या उद्योगांना ऑक्सिजन देणे थांबवले, जेणेकरून तो रुग्णालयांकडे वळवता येईल. भोसरी, चाकण भागातल्या वर्कशॉपांमध्ये गॅस कटिंगसाठी वापरले जाणारे सिलिंडर पडून राहिले. ज्याच्याकडे होते त्याला वाटणार, द्यावे कुणाला तरी. भावना चांगलीच. पण भारतात रुग्णालयाच्या ऑक्सिजन सिलिंडरचे अंग काळे आणि खांदा पांढरा असतो. कारखान्याचा सिलिंडर सबंध काळा. रंगातला हा फरक शोभेचा नाही. आधी त्यात काय भरले होते, आतून तो स्वच्छ आहे का, भरलेला वायू रुग्णाच्या फुप्फुसात जाण्याच्या प्रतीचा आहे का, हे त्या पांढऱ्या खांद्यामागे असते. कारखान्याचे सिलिंडर रुग्णांसाठी वापरता येतात, पण साफ करून, तपासून, योग्य ठिकाणी भरून घेतल्यानंतर. म्हणजे यादीत 'सिलिंडर आहे' हे पुरेसे नाही. खांद्याचा रंग कोणता, रेग्युलेटर सोबत आहे का, भरलेला आहे की रिकामा, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती नोंद कुणाच्या कामाची नाही. असे प्रश्न वेल्डिंगच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला सुचतात, यादी सांभाळणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला नाहीत. निकष ठरवणाऱ्यांमध्ये असा एक तरी माणूस हवा.

वेळेचा निकषही सगळ्या नोंदींना एकच लावून चालत नाही. आयसीयू बेडची माहिती काही मिनिटांत शिळी होते. प्रशासनाच्या डॅशबोर्डवर रिकामा दिसणारा बेड फोन लावेपर्यंत भरलेला असायचा, तो बहुतेकदा याच कारणाने. आकडा ठरावीक अंतराने भरला जात होता आणि रुग्ण क्षणाक्षणाला येत होते. सिलिंडरची माहिती काही तास टिकते. रक्तदात्याच्या नोंदीचे गणित आणखी वेगळे. आपल्याकडच्या नियमानुसार पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. म्हणून रक्तदात्यांच्या यादीत नाव आणि रक्तगटाइतकाच महत्त्वाचा रकाना म्हणजे शेवटच्या रक्तदानाची तारीख. आपल्या बहुतेक मंडळांच्या याद्यांमध्ये तो नसतो. शिबिर झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात रक्ताची गरज पडली, की त्याच शिबिरातल्या दात्यांना एकामागून एक फोन जातात, आणि त्यातला कुणीही रक्त देऊ शकत नाही.

आता सगळ्यात अवघड प्रकरण, प्लाझ्माचे. त्या याद्यांमध्ये प्लाझ्मादात्यांच्या नोंदी सर्वांत काळजीपूर्वक केलेल्या असत. दात्याचा रक्तगट, तो कोविडमधून बरा झाल्याची तारीख, वय, वजन, कुठवर येऊ शकेल, सगळे असे. कार्यकर्ते दात्यांशी स्वतः बोलत. निकष म्हणून पाहिले तर या नोंदी आदर्श होत्या. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेच देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले होते: प्लाझ्मा दिल्याने आजार गंभीर होणे थांबत नाही, मृत्यूही कमी होत नाहीत. तरीही डॉक्टर चिठ्ठीवर प्लाझ्मा लिहून देत राहिले आणि नातेवाईक दात्यांमागे धावत राहिले. १७ मे २०२१ रोजी प्लाझ्मा अधिकृत उपचारपद्धतीतून काढण्यात आला. तोवर लाट शिखर ओलांडून गेली होती.

इथे यादी चुकली का? 'मिळते का?' या प्रश्नाचे उत्तर तिने बरोबर दिले. 'घ्यावे का?' हा प्रश्न तिने विचारलाच नाही. डॉक्टरने लिहून दिले आहे, नातेवाईक रडतो आहे, आणि यादी सांभाळणाऱ्या पोराने म्हणायचे की याचा उपयोग नाही? हा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होते, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही निकष ठरवताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात आणि आपली यादी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे तिच्या माथ्यावर लिहावे लागते. 'या यादीतली वस्तू उपलब्ध असल्याची आम्ही खात्री केली आहे. ती रुग्णाला लागू पडते का, हे आम्ही तपासलेले नाही' असे एक वाक्य पुरले असते. यादीत नाव असणे म्हणजे शिफारस असणे, असा वाचकाचा समज आपोआप होतो. तो काढायचा तर लिहूनच काढावा लागतो.

आणखी एक रकाना तेव्हा नव्हता. ज्याचा नंबर यादीत घालायचा त्याची परवानगी. मदत मागण्यासाठी किंवा देण्यासाठी स्वतःचा नंबर जाहीर करणाऱ्या मुलींना नको ते फोन आणि मेसेज आल्याच्या बातम्या त्या महिन्यांत पुन्हा पुन्हा आल्या. नंबर एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही. नोंद अचूक असली तरी ती घालणे योग्य होतेच असे नाही.

संकटातल्या यादीत चूक तासाभरात उघडी पडते. आता याच थेरगावात, पवना नदीच्या काठावर, अगदी वेगळ्या चालीने वाढणाऱ्या यादीकडे वळू. चूक झाली तर ती वीस वर्षांनी कळेल, अशा या नोंदी आहेत.

केजुबाई बंधाऱ्याच्या आसपास सकाळी तासभर उभे राहिले तरी पंधरा-वीस जातींचे पक्षी सहज दिसतात. वंचक, गायबगळे, शेकाट्या, पाणकावळे, टिटवी, खंड्या, हळदी-कुंकू बदके, हिवाळ्यात धोबी आणि तुतवार, डोक्यावर घारी. पाण्यावर फेस असतो, मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या येतात, तरी पक्षी येतात. शेकाट्यासारख्यांना तर असे पाणी चालते. हे पक्षी पाहणारे आता आपल्या नोंदी 'ईबर्ड'वर घालतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या सोबतीने २००२ मध्ये ही नोंदवही सुरू केली आणि भारतात 'बर्ड काउंट इंडिया' या गटाने ती रुजवली. नोंद कुणीही घालू शकतो. शाळकरी मुलगाही, पेन्शनर आजोबाही. तरीही त्या नोंदींवर शास्त्रज्ञ विसंबतात. हे कसे जमले, ते पाहण्यासारखे आहे.

पहिला निकष नोंदीच्या बांधणीतच आहे. किती वाजता सुरुवात केली, किती मिनिटे पाहिले, एका जागी उभे होता की चालत होता, किती अंतर चाललात. हे भरल्याशिवाय यादी पुरी होत नाही. त्यानंतर एक प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या रचनेतला तो सर्वांत शहाणा प्रश्न आहे: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिले आहेत का? 'हो' म्हटले तर ती 'पूर्ण यादी'. म्हणजे दुर्मीळ पक्षी लिहिला आणि कावळा, चिमणी, पारवा सोडून दिले, असे चालत नाही. कारण यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. बंधाऱ्यावर शंभर पूर्ण याद्या झाल्या आणि त्यांतल्या दहांतच चिमणी आली, तर ते विधान आहे. शंभर जणांनी फक्त 'भारी' पक्षी लिहिले, तर चिमणीबद्दल काहीच कळत नाही.

याचा परिणाम २०२० मध्ये दिसला. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात सुमारे १५,५०० पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदींवरून ८६७ जातींची स्थिती तपासली गेली. चिमण्या संपत चालल्या, हे आपण सगळेच वर्षानुवर्षे म्हणत होतो. अहवालातून निघाले ते असे की मोठ्या शहरांत चिमणी कमी होते आहे, पण देशभराचा विचार केला तर तिची संख्या साधारण स्थिर आहे. कुणीतरी कंटाळा न करता रोजची चिमणी लिहिली म्हणून हे कळले. २०२३ च्या पुढच्या अहवालात निरीक्षक ३०,००० आणि नोंदी तीन कोटींवर गेल्या, जाती ९४२. दर्जा म्हणजे दुर्मीळपणा, हा समज प्रत्येक सामूहिक यादीला ग्रासतो. थेरगावातल्या अभ्यासिकांची यादी करा म्हटले, तरी लोक आधी नावाजलेली जागा घालतील. महापालिकेच्या जवळच्या वाचनालयाच्या वेळा कुणी लिहिणार नाही.

दुसरा भाग गाळणीचा. प्रत्येक प्रदेशासाठी, प्रत्येक महिन्यासाठी, प्रत्येक पक्ष्याची एक मर्यादा आधी घातलेली असते. समजा, कुणी जूनमध्ये केजुबाई बंधाऱ्यावर चक्रवाक लिहिला. चक्रवाक हिवाळी पाहुणा. जूनमध्ये तो इथे असू नये. नोंद भरतानाच तिच्यावर खूण होते आणि तपशील मागितला जातो: कसा दिसला, किती अंतरावरून, फोटो आहे का, त्याच्यासारख्या दुसऱ्या बदकापासून वेगळा कसा ओळखला. मग त्या भागाचे पक्षी जाणणारा स्वयंसेवक ती नोंद पाहतो, गरज पडली तर लिहून विचारतो. खात्री पटली नाही तर नोंद सार्वजनिक नकाशांत आणि अभ्यासात धरली जात नाही. पण ती निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीतून काढली जात नाही. तुम्ही पाहिलात, तुमच्या वहीत तो राहील. सगळ्यांच्या वहीत घ्यायला मात्र पुरावा कमी पडला. मघाशी म्हटलेला 'होल्ड' इथे इतक्या सुसंस्कृतपणे ठेवला आहे, की नाकारलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा दुर्बीण घेऊन बाहेर पडतो.

आपल्याकडे नकार देण्याची ही रीत फार कमी दिसते. नवख्याची नोंद उडते आणि त्याला कारण कळत नाही. किंवा कारण कळते ते सगळ्यांसमोर, दोन बोचऱ्या शब्दांसह. तो पुन्हा फिरकत नाही. यादीला एका चुकीच्या नोंदीपासून वाचवताना पुढच्या शंभर बरोबर नोंदी गमावल्या जातात. म्हणून निकषांबरोबर नकाराचा मसुदाही लिहून ठेवावा, असा माझा आग्रह आहे: कोणता रकाना कमी पडला, तो कसा भरता येईल, भरून पुन्हा कुठे पाठवायचे. जाणकार माणसाला असे पत्र लिहिताना कंटाळा येतो, कारण त्याला चूक लख्ख दिसत असते. लिहावे तरी.

शिकारीचा किंवा त्रासाचा धोका असलेल्या पक्ष्यांचे नेमके ठिकाण ईबर्ड जाहीर दाखवत नाही. नोंद खरी, पुरावा पक्का, तरीही उघड करायची नाही. मुलींच्या फोन नंबरांबाबत जे व्हायला हवे होते, ते इथे घुबडा-ससाण्यांच्या बाबतीत आधीच ठरलेले असते.

सीमा आखणे हाही निकषच. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीने ती शीर्षकातच आखली: पहिल्या खंडात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. काळ सांगितला, भाषा सांगितली, वस्तू सांगितली. अमुक पुस्तक का नाही, असा प्रश्न आला तर उत्तर वर्षात असते, सूचिकाराच्या आवडीनिवडीत नसते. 'थेरगाव परिसरातील उपयुक्त गोष्टी' अशा नावाची यादी सुरू झाली तर सहा महिन्यांत ती जाहिरातींचा फलक होते, कारण परिसर कुठवर आणि उपयुक्त कुणाला, हे तिने सांगितलेलेच नसते.

निकष कागदावर उत्तम असून यादी कशी बिघडते, याचे मोठे उदाहरण आपल्या देशातच घडले. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची, आणि २००४ च्या नियमांनुसार त्या समितीने स्थानिक लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही करायची होती. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांना हे लागू होते. कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे अनेक वर्षांचे काम होते. मासेमार, गुराखी, वैदू, शेतकरी यांना जे माहीत आहे ते त्यांच्या तोंडून, त्यांच्या नावाने लिहायचे, ही ती दृष्टी. पण वर्षानुवर्षे बहुतेक ठिकाणी काही झाले नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. त्यानंतर काम अपुरे राहिलेल्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागणार होते. हेतू योग्यच होता. दिरंगाई संपवायची होती. मात्र मोजले गेले ते नोंदवह्या किती झाल्या हे. देशभर थोड्या काळात लाखोंच्या घरात नोंदवह्या तयार झाल्या आणि घाईत केलेल्या कामाबद्दल जाणकारांनी तेव्हाच चिंता व्यक्त केली. गावात न जाता, लोकांशी न बोलता पुस्तकातून उतरवलेली प्रजातींची यादी नियमाच्या चौकटीत बसते, रकाने भरलेले असतात, आणि तिच्यात त्या गावाचे काहीच नसते. जे मोजाल तेच वाढते. नोंदींची संख्या मोजली की नोंदी वाढतात, आणि दर्जा मोजायला कुणी नेमलेलेच नसते.

लोक नोंदवहीत आणखी एक गोष्ट आहे, जी ईबर्डच्या साच्यात बसत नाही. पवनेतल्या माशांचे उदाहरण घेऊ. आज नदीत कोणते मासे आहेत, हे जाळे टाकून, फोटो काढून नोंदवता येईल. पण नदीकाठी वाढलेला म्हातारा माणूस सांगतो, की अमुक मासा पूर्वी मिळायचा आणि आता मिळत नाही. त्याच्याकडे फोटो नाही, असणारही नाही. पुराव्याचा कडक निकष लावला तर त्याची नोंद बाहेर जाते. आणि नदीचे काय झाले, हे सांगणारी तीच तर नोंद आहे. उलट, आठवण आहे म्हणून जशीच्या तशी घेतली, तर पुढच्या अभ्यासकाला तिच्यावर काही उभारता येत नाही.

याचा उपाय निकष सैल करण्यात नाही. आठवणीला साजेसा वेगळा निकष करण्यात आहे. नोंद कोणत्या प्रकारची, हे आधी लिहायचे: पाहिलेले, मोजलेले, की आठवणीतले. आठवणीतले असेल तर सांगणाऱ्याचा व्यवसाय कोणता, तो नदीच्या कोणत्या पट्ट्यात मासे धरायचा, कोणत्या जाळ्यात तो मासा यायचा, त्याला स्थानिक नाव काय, कोणत्या महिन्यांत मिळायचा. साल आठवत नसेल तर लोक ज्याने काळ मोजतात त्याने विचारायचे: बंधाऱ्याचे काम झाले त्याच्या आधी की नंतर, पानशेत धरण फुटले तेव्हा तुम्ही केवढे होता, मुलीचे लग्न झाले तेव्हा मिळत होता का. पानशेतचे वर्ष १९६१. त्याला धरून बाकीचे जुळवता येते. तीच गोष्ट वरच्या गावातल्या आणि खालच्या गावातल्या दुसऱ्या माणसाला, पहिल्याचे उत्तर न सांगता, विचारायची. दोघांचे जुळले तर नोंदीचा दर्जा वाढला, तसे लिहायचे. जुळले नाही तर दोन्ही उत्तरे ठेवायची. आणि सांगणाऱ्याला विचारायचे, की हे त्याच्या नावाने लिहिलेले चालेल का. चालणार नसेल तर नाव नोंदवहीबाहेर वेगळे, समितीपाशी राहील.

हे काम एका सकाळी होत नाही आणि ते मोबाइलवरून करता येत नाही. थेरगावच्या मूळ वस्तीतल्या, नदीशी रोजचा संबंध असलेल्या पिढीतली माणसे आता सत्तरी-ऐंशीची आहेत. महापालिकेच्या नोंदवहीच्या नमुन्यात मासे, पक्षी, झाडे यांचे रकाने आहेतच. माशांच्या पानावर 'शेवटचा कधी मिळाला, कुठे, कोणी सांगितले' असे तीन रकाने वाढवून घ्यायला समितीचा एक ठराव पुरतो.